मोर्चातून सुखरूप घरी परतण्यासाठी

(पुण्यातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सभा-मोर्चाच्या वृत्तांतात पहिला प्रश्न उपस्थितीचा असतो. किती जण आले हे ठळकपणे छापले जाते. किती जण सुखरूप घरी पोहोचले, याची विचारपूस होत नाही. ती करावी लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला ती वेळ आली. ज्येष्ठ निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याचा तो सोहळा. लाखो श्रीसदस्य सकाळपासून उघड्या मैदानात बसलेले. मंचावर छत होते, श्रोत्यांच्या डोक्यावर ऊन होते. दुपारपर्यंत कार्यक्रम चालला आणि उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. कोणा शत्रूने तेथे घातपात केला नव्हता. श्रीसदस्यांची शिस्त तर सर्वश्रुत. पण कार्यक्रमातून मधेच उठणे म्हणजे बेशिस्त, हे ज्याच्या मनावर बिंबले आहे, तो घेरी येईपर्यंत जागचा हलत नाही. संघटनेत वाढलेल्या माणसाने शिस्तीची ही दुसरी बाजू ओळखायला हवी. ज्याला अस्वस्थ वाटते त्याने उठावे, ही मंचावरून दिलेली आज्ञा असली पाहिजे. नुसती मुभा पुरत नाही. एप्रिलातल्या दुपारची वेळ ठरवणाऱ्यांनी सावलीची सोय आधी करावी, नाहीतर वेळ बदलावी. बोलणे असंबद्ध झाले, अंग भाजू लागले की त्या माणसाला सावलीत न्यावे, मानेवर व काखेत ओली फडकी किंवा बर्फ ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

दुसरी घटना नागपूरची, २३ नोव्हेंबर १९९४ ची. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गेलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांनी प्राण गमावले. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. मागून रेटा आणि पुढे अडथळा, अशा स्थितीत पायदळी जाण्याआधीच छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. म्हणून गर्दी दाटू लागताच दोन्ही हात छातीसमोर धरावेत, प्रवाहाच्या उलट न जाता तिरके सरकत कडेला यावे, भिंत आणि लोखंडी अडथळे टाळावेत. पडलेली चप्पल किंवा मोबाईल उचलायला वाकू नये. चप्पल दुसरी मिळते.

पुण्यातल्या मोर्चांना हे अधिकच लागू. २२ जानेवारी २०२३ चा हिंदू जनआक्रोश मोर्चा लाल महालापासून डेक्कनपर्यंत गेला. पेठांमधून डेक्कनकडे निघालेल्या गर्दीला अलका चौकाची जाण हवी. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता सारे तेथे येऊन मिळतात. गणेश विसर्जनाला ती दाटी पुणेकर दरवर्षी अनुभवतात. तेथे पोहोचण्यापूर्वीच बाहेर पडायची गल्ली हेरून ठेवावी. गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा चुकामूक झाल्यास भेटायचे ठिकाण घरूनच ठरवून निघावे. मुलांच्या खिशात पालकांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. आणि बेवारस पिशवी दिसली तर कुतूहल आवरावे, पोलिसांना कळवावे: १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले, हे या शहराने विसरू नये.

रस्त्यावर उतरण्याचे कारण जितके जिव्हाळ्याचे, तितके भान सुटणे सोपे. बांगलादेशातील हिंदूंवरील अत्याचारांच्या निषेधार्थ १६ ऑगस्ट २०२४ रोजी नाशिकमध्ये बंद पुकारला गेला, तेव्हा दोन गटांत दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी बातमी दगडांची होते. ढाक्यातल्या पीडिताचे नाव मागे पडते. दगड आलाच तर तो परत न फेकता स्त्रिया, मुले व वृद्धांना आधी मागे न्यावे. ऐकीव बातमी पुढे सांगू नये.

याउलट पाटण्याचे उदाहरण आहे. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी गांधी मैदानावरील नरेंद्र मोदी यांच्या सभेच्या वेळी स्फोट झाले, माणसे दगावली. भाषणाच्या शेवटी मोदी यांनी श्रोत्यांना घाई न करता शांतपणे घरी जाण्याचे आवाहन केले. एवढा समुदाय चेंगराचेंगरी न होता पांगला. ध्वनिक्षेपकावरचा माणूस शांत असला की मैदान शांत राहते, म्हणून ते काम घोषणा देणाऱ्या सर्वांत उत्साही तरुणाकडे सोपवू नये. (हा मोह बहुतेक शाखा-मंडळांना होतो.)

३ जानेवारी २०१६ रोजी हिंजवडीजवळ मारुंजी येथे झालेल्या शिवशक्ती संगमात दीड लाखाच्या घरात स्वयंसेवक जमले होते. एवढ्या संख्येला पाणी, स्वच्छतागृहे, वाहनतळ, प्रथमोपचार यांची तयारी आधी कित्येक महिने करावी लागते. चौकातल्या मोर्चाला इतका अवधी मिळत नाही. तरी दर शंभर जणांमागे एक गटप्रमुख नेमणे एका संध्याकाळच्या बैठकीत होते. त्याने निघताना आपली माणसे मोजावीत, कार्यक्रम संपल्यावर पुन्हा मोजावीत, आणि शेवटचा माणूस बसमध्ये चढल्यावरच स्वतः घरी जावे.