आकाशाची नोंदवही



पालघर-बोईसर भागातील आपली काही तरुण मंडळी दुर्बिणीस कॅमेरा जोडून आकाशाची छायाचित्रे घेऊ लागली आहेत. हा खर्चिक छंद कशासाठी, असे वडीलधारे विचारतात. त्यांस आम्ही एका ताऱ्याची हकीकत सांगू इच्छितो.

इ.स. १०५४ च्या जुलैत वृषभ राशीत, शिंगाच्या टोकाशी, एक अपूर्व तारा प्रकटला. तो २३ दिवस भरदिवसा आणि रात्री सुमारे दोन वर्षे दिसत होता, असे चिनी ज्योतिष्यांनी लिहून ठेवले. वस्तुतः तो एका प्रचंड ताऱ्याचा अंतकाळचा स्फोट होता. डॉ. जयंत नारळीकर व डॉ. सरोजा भाटे यांनी आपल्या प्राचीन ग्रंथांत त्याचा शोध घेतला. निःसंदिग्ध नोंद आढळली नाही. पावसाळी अभ्रांची सबब येथे पुरत नाही. पुढील दोन हिवाळे तारा आकाशात होताच. लेखनाची रीत नव्हती म्हणावे, तर अंबरनाथच्या देवळात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलालेख आहे. आपल्या किनाऱ्यावर कोणी तो तारा पाहिलाही असेल. परंतु लिहिले न गेल्याने ते पाहणे आपल्या हाती उरले नाही.

त्या स्फोटाचा अवशेष म्हणजे खेकडा तेजोमेघ. तो सुमारे ६५०० प्रकाशवर्षे दूर असून सेकंदाला सुमारे १५०० किलोमीटर वेगाने पसरत आहे. नुसत्या डोळ्यांस तो दिसत नाही. मार्गशीर्ष-पौषात लहान दुर्बिणीतून धूसर ठिपका भासतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या दिव्यांनी आकाश उजळले असले, तरी तेजोमेघातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांचाच प्रकाश येऊ देणारी गाळणी लावता येते. पृथ्वीच्या भ्रमणानुसार दुर्बीण फिरती ठेवून घेतलेली अनेक छायाचित्रे संगणकावर एकत्र केली, म्हणजे त्याचे तंतू स्पष्ट उमटतात. दहा वर्षांनी पुन्हा छायाचित्र घेऊन ताडून पाहिल्यास ते तंतू बाहेर सरकलेले दिसतात!

मात्र त्यासाठी पहिल्या छायाचित्रासोबत तिथी, वेळ, स्थळ व साधने यांची नोंद हवी. म्हणून तरुणांस आमची विनंती, की प्रत्येक छायाचित्राची वही ठेवा. वडीलधाऱ्यांनी अमावास्येच्या रात्री अंगणातील दिवा घटकाभर मालवावा, आणि ती वही घराण्याच्या कागदपत्रांत जपून ठेवावी. पुढचा तारा प्रकटेल, तेव्हा त्याची नोंद आपल्या घरांतूनही निघावी, एवढीच आमची इच्छा आहे.