शिवणीतली माया

लग्नसराई जवळ आली की घराघरात दोन याद्या तयार होतात. एक पाहुण्यांची आणि दुसरी कपड्यांची. पाहुण्यांच्या यादीवरून वाद होतात, कपड्यांच्या यादीवरून रुसवेफुगवे. ते दोन-चार दिवसांत मिटतातही. पण एक निराशा अशी असते की ती बोलूनही दाखवता येत नाही. महिनोन् महिने वाट पाहिलेला कपडा हातात येतो. हौसेनं घडी मोडून तो अंगात घालायला जावं, तर बाही दंडावर अडते, हुक लागत नाही, कोटाचं बटण काजापर्यंत पोहोचत नाही. आजूबाजूला सगळे ‘बघू, बघू’ म्हणत उभे असतात आणि आरशासमोरच्या माणसाला मात्र कुठं तोंड लपवू असं होऊन जातं.

गेली तीसेक वर्षं मी यवतमाळला शिवणक्लास चालवते. हा चेहरा मी किती वेळा पाहिला, त्याची गणती नाही. वरवर पाहता बाब क्षुल्लक आहे. कपडाच तो, उसवता येतो, दुसरा घेता येतो. पण त्या क्षणी माणसाला वाटतं की आपण स्वतःच कुठंतरी कमी पडलो किंवा जास्त झालो. या वाटण्याबद्दलच मला आज बोलायचं आहे.

आमच्या जिल्ह्यात नव्या कपड्याची वाट पाहणं कापसाशी बांधलेलं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पेरणी होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटतात, वेचणीला सुरुवात करताना शेतात सीतादही होते, आणि मग कापसाच्या गाड्या पांढरकवडा, राळेगाव, वणीच्या बाजाराकडे निघतात. चुकारा हातात पडला की आधी कृषी केंद्राची उधारी, मग दवाखान्याची, मग किराण्याची. एवढं सगळं फिटून काही उरलं, तर कापड दुकानाची पायरी. म्हणजे एप्रिल-मेच्या लग्नात अंगावर येणाऱ्या कपड्याची वाट आदल्या जूनपासून पाहिलेली असते. असा कपडा अंगाला बसला नाही, तर त्यात वर्षभराचा हिशेब चुकल्यासारखं वाटतं.

माझ्या स्वतःच्या लग्नात शालूवरचं ब्लाउज लग्नाच्या आदल्या संध्याकाळी शिंप्याकडून आलं. माझी बाही दंडाच्या वर जाईना. घरात पाहुण्यांची गर्दी, दारात मांडव, हातावर ओली मेंदी, आणि डोळ्यांत पाणी. बायका धीर देत होत्या, पण कशा? “काही नाही गं, थोडी अंगानं भरलीस एवढंच.” एकटी माझी मावशी काही बोलली नाही. तिनं ब्लाउज उलटं केलं, शिवण बोटांनी चाचपून पाहिली आणि म्हणाली, “माया आहे. रडू नको.” रात्री तिनं शिवण उसवली, थोडी बाहेरच्या बाजूनं नवी टीप मारली, आणि सकाळी तेच ब्लाउज मला छान बसलं.

माया हा शब्द तेव्हा मला नव्यानं कळला. कापड बेतताना मापाच्या रेषेवरच कात्री चालवत नाहीत. रेषेच्या बाहेर थोडं कापड सोडतात. शिवण घातल्यावर ते आत दडून राहतं, बाहेरून दिसत नाही. शिवणकामात या सोडलेल्या कापडाला माया म्हणतात. दुसऱ्या कुठल्या भाषेत याला काय म्हणत असतील ते असो. आपल्या लोकांनी त्याला हे नाव दिलं, यात त्यांचं शहाणपण दिसतं. हिशेब अगदी सोपा आहे. ब्लाउजला दोन बगलांच्या शिवणी असतात आणि प्रत्येक शिवणीत पुढचा नि मागचा असे दोन पदर. चारही पदरांतून फक्त अर्धा इंच मोकळा केला, तरी घेर दोन इंचांनी वाढतो. अर्ध्या इंचाच्या मायेत एका मुलीचं रडू थांबवण्याची ताकद असते, ती अशी.

आता कपडा बसत नाही, याची कारणं पाहू. पहिलं कारण साधं आहे. माप घेतात त्या दिवशी आणि कपडा घालतात दुसऱ्याच दिवशी. मधे दोन-तीन महिने गेलेले असतात. शरीर म्हणजे काही लाकडी पुतळा नव्हे. जेवण्याआधीची कंबर आणि जेवणानंतरची कंबर यांतही फरक पडतो. पाळीच्या दिवसांत अंगावर थोडी सूज येते. आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तर बोटातली अंगठीसुद्धा घट्ट होते. त्यातून माप देताना माणूस नकळत पोट आत ओढतो. हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. टेप कमरेला लागली की भलेभले श्वास रोखून धरतात. मग तो श्वास सोडला की कपडा कसा बसणार?

दुसरं कारण आपल्या लाडक्या सुताचं. मागावर विणताना आणि पुढच्या प्रक्रियेत सुती धागा ताणलेला असतो. पहिल्यांदा पाणी लागलं की तो सैलावतो आणि कापड आटतं. म्हणून जुने शिंपी कापड आधी पाण्यातून काढून वाळवायला सांगत. सॅनफर्ड क्लुएट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी १९३० च्या सुमारास यावर उपाय काढला. कापड गिरणीतच आधी आटवून घ्यायचं, म्हणजे घरी आटणार नाही. त्यांच्या नावावरूनच ‘सॅनफोराइज्ड’ हा शब्द आला. वडीलधाऱ्यांना तो कापडाच्या काठावरच्या शिक्क्यामुळं नक्की आठवत असेल. आजही अस्तराचं कापड न भिजवता शिवलं, तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि चांगलं ब्लाउज चुण्या पडून वाया जातं.

तिसरं कारण तयार कपड्यांचं, आणि सगळ्यात जास्त रडवतं ते हेच. दुकानातल्या कपड्याच्या मानेवर ‘एम’, ‘एल’ किंवा ३२, ३४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपल्याला वाटतं की हे आकडे कुणीतरी शास्त्र म्हणून ठरवले असतील. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यानं सुमारे १५ हजार स्त्रियांची मापं घेतली. प्रत्येकीची ५९ मापं! पण हिशेबात धरली ती फक्त गोऱ्या स्त्रियांची. त्या आधारावर १९५८ साली तिथं आकारांचं एक प्रमाण जाहीर झालं. ते तिथल्याच बायकांना नीटसं बसेना. कारखानदार आपापल्या सोयीनं आकडे बदलत गेले, आणि शेवटी १९८३ मध्ये ते प्रमाण मागं घेण्यात आलं. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मोठ्या कपड्यावर लहान आकडा लावायची पद्धतही पुढं रूढ झाली. म्हणजे एका दुकानातला ३२ आणि दुसऱ्या दुकानातला ३२ यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

आपल्या देशातल्या लोकांची अशी पद्धतशीर मापं तर फार उशिरा घ्यायला घेतली. वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांनी ‘इंडियासाइज’ नावाचा प्रकल्प २०१८ च्या सुमारास हाती घेतला. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयोगटातल्या २५ हजारांवर लोकांची मापं यंत्रानं घ्यायची, अशी ती योजना. तोवर आपण बाहेरच्या देशांची मापं थोडीफार इकडंतिकडं करून वापरत आलो. गंमत अशी की आमच्या यवतमाळजवळ लोहाऱ्याला डेनिमचा कारखाना आहे. कापूस आमचा, कापडही इथं तयार होतं. पण त्याच कापडाची पँट तयार होऊन दुकानात आली की तिच्या आत कुठल्या माणसाचं माप असतं, कोण जाणे.

हे सगळं सांगायचं कारण, दोष कुणाचा ते नीट कळावं. माझ्या क्लासला येणाऱ्या एका मुलीनं बहिणीच्या रिसेप्शनसाठी गाऊन मागवला होता. पैसे तिनं स्वतः फॉल-पिको करून साठवले होते. गाऊन आला आणि पाठीची चेन अर्ध्यावर अडकली. ती कुणाशी काही बोलली नाही. दोन आठवडे एकदाच जेवली. मशीनवर बसल्या बसल्या तिला घेरी आली, तेव्हा आम्हाला कळलं. गाऊन उलटा करून पाहिला, तर आत पाव इंचसुद्धा माया नव्हती. कापड वाचवण्यासाठी कारखान्यात अगदी काठाला टीप मारलेली होती. काटकसर कारखान्यानं केली आणि उपाशी राहिली ही पोरगी! शेवटी दोन्ही बगलांत त्याच रंगाची पट्टी घालून आम्ही तो गाऊन मोकळा केला. तिनं तो घातला, पण दोन आठवड्यांची ती उपासमार मला अजून विसरता येत नाही.

घट्ट झालेल्या कपड्याबद्दल सगळेच बोलतात. सैल झालेल्या कपड्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या क्लासच्या खाली एक टेलर आहेत, कोट शिवण्यात वाकबगार. घाटंजी तालुक्यातल्या एका नवरदेवाचं माप त्यांनी साक्षगंध झाल्यावर घेतलं होतं. साल २०१७. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कापसाचं काय झालं, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. लग्न वर्षभर पुढं ढकललं गेलं. शिवून झालेला सूट टेलरच्या कपाटात लटकत राहिला. पुढच्या उन्हाळ्यात तो मुलगा वडिलांबरोबर सूट न्यायला आला. अंगात घातला, तर कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. खांदे खाली उतरलेले, पँट मुठीत धरावी लागत होती. दुकानात कुणी हसलं नाही. वडील बाकड्यावर बसून जमिनीकडे पाहत होते. एका वर्षात पोराचं किती वजन उतरलं, हे घरात रोज पाहून कळलं नव्हतं. ते या कोटानं दाखवलं.

टेलरनं काही विचारलं नाही. खडूनं खुणा केल्या आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. कोटाचा घेर कमी करता येतो, खांदा उतरवणं मात्र फार किचकट काम. त्यांनी खांद्याच्या आत थोडी जास्त गादी भरून ते निभावलं. मी सहज विचारलं, “भाऊ, एवढं जास्तीचं कापड निघालं, कापून टाकलं का?” ते म्हणाले, “नाही जी ताई. आतच दाबून ठेवलं. लग्न झालं का पोराची तब्येत भरन. मंग उसवून देऊ.” मला त्या क्षणी मावशीची आठवण झाली. कापड कापून टाकणं सोपं होतं, कोटही आतून हलका झाला असता. पण त्या माणसानं पोराच्या बऱ्या दिवसांसाठी जागा राखून ठेवली होती.

तेव्हा या लग्नसराईत दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, असं मला वाटतं. शिवायला टाकताना शिंप्याला आवर्जून सांगा की बगलेत आणि बाहीत भरपूर माया सोडा, कापड कमी पडत असेल तर जास्तीचं आणून देते. तयार कपडा घेताना तो उलटा करून आतली शिवण पाहा. मानेवरच्या आकड्यापेक्षा ती जास्त खरं सांगते. समारंभाच्या आठ दिवस आधी कपडा घालून नुसतं आरशासमोर उभं राहू नका. खाली बसून पाहा, हात वर करून पाहा. लग्नात हार घालायचा असतो, वाकून पाया पडायचं असतं आणि पंगतीत बसून पोटभर जेवायचंही असतं. माप देताना श्वास रोखू नका. आणि ब्लाउजचं अस्तर भिजवल्याशिवाय शिंप्याकडे देऊ नका.

आणखी एक गोष्ट घरातल्यांसाठी. कपडा अंगाला बसत नाही, हे आरशासमोरच्या माणसाला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं. त्याला ‘जाड झालीस’, ‘वाळलास’ हे सांगायची गरज नसते. बाळंतपणानंतर पहिल्यांदा शालू नेसणारी सून असेल, आजारातून उठलेले सासरे असतील, वर्षभराच्या काळजीनं खंगलेला मुलगा असेल. शरीरावर जे गेलं, त्याचीच ती खूण असते. अशा वेळी आधी शिवण चाचपून पाहावी. आत माया सापडली तर टीप बदलायला तासभर पुरतो. नाही सापडली, तर पट्टी लावून काम भागतं. तेवढा वेळ आरशासमोरच्या त्या माणसाजवळ बसावं आणि चहा करून द्यावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)