एक फांदी झाडासाठी

आम्ही जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आज आम्ही हिरड्याबद्दल बोलणार आहोत. तुमच्या रानात हिरडा नसेल, तर बेहडा असेल, आवळा असेल, गुळवेल असेल. गोष्ट सगळ्यांची सारखीच आहे.

आमच्याकडे भात पावसावर होतं. उन्हाळ्यात शेतात काम नसतं. त्या दिवसांत हातात पैसा येतो तो बाळहिरड्यातून. बाळहिरडा म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, आत बी तयार व्हायच्या आधी काढलेलं. उन्हात वाळलं की ते काळं पडतं आणि औषधांना जातं. पिकलेला मोठा हिरडा त्रिफळ्यात लागतो, कातडी कमावायलाही लागतो. पोरांच्या वह्या, पावसाळ्याचं मीठ-मिरची, लग्नकार्याची देणी, सगळं या फळावर निघतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि हिरड्याचं नुकसान झालं. ते झाड किती चुली पेटवतं, हे तेव्हा नीट कळलं.

एकदा हिवाळ्यात आम्ही सरपणाला गेलो होतो. वाटेत हिरड्याची झाडं बघत चाललो. झाडं मोठी, आजी-आजोबांच्या वेळची. पण त्यांच्याखाली हिरड्याचं गुडघ्याएवढं रोप कुठे दिसेना. आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "अगं, सगळी बाळंच काढून नेली, तर नातवंडं कुठून यायची?"

बायांनो, त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. कारण म्हातारीचं खरं होतं. बाळहिरड्यात पक्की बी नसते. झाडावर एकही फळ पिकू दिलं नाही, तर बी पडणार नाही. बी नाही तर रोप नाही. त्यात हिरड्याचं कवच कठीण, मुळात उगवतंच कमी. उगवलेलं गुरं खातात, वणव्यात जळतं. आजची झाडं आपल्याला जन्मभर पुरतील. पण आपल्या सुना काय वेचतील?

मग आम्ही इतर वनस्पतींचा विचार केला. एक साधी गोष्ट ध्यानात आली. आपण झाडाचा कोणता भाग काढतो, ते आधी बघायचं. पान, फूल, फळ काढलं तर झाड जगतं, फक्त पुढच्या पिढीसाठी बी ठेवावी लागते. वेल कापली तर जपून कापावी लागते. साल, मूळ, लाकूड काढलं तर झाडच जातं. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. त्याच्यातल्या द्रव्यापासून कॅन्सरची औषधं बनतात. त्याला मागणी आली आणि कितीतरी ठिकाणी लोकांनी ते खोडामुळासकट तोडून नेलं. पैसा एकदाच मिळाला.

गुळवेलीत आम्हीही चुकलो आहोत. कोरोनाच्या काळात गुळवेलीला एकदम मागणी आली. जो तो ओढून, मुळासकट उपटून नेऊ लागला. आम्हीही नेली. पुढच्या वर्षी ओढ्याकाठच्या झाडांवर वेल दिसेना. खरं तर गुळवेल मोठी चिवट. मूळ आणि खालचा हातभर वेल राखला तर ती पुन्हा फुटते. बोटाएवढ्या जाडीचा, डोळे असलेला तुकडा पावसाळ्यात लावला तरी जगतो. आता आम्ही जेवढ्या वेली कापतो, तेवढे तुकडे कुंपणाला लावतो.

हिरड्याचं मात्र सोपं नव्हतं. आम्ही ठरवलं, प्रत्येक झाडाची एक चांगली फांदी झोडायची नाही, पिकू द्यायची. पहिल्या वर्षी फांद्या राखल्या. आठ दिवसांनी बघतो तर कुणीतरी त्याही ओरबाडलेल्या. भांडणं झाली. "तुम्ही सोडलं, ते आम्ही घेतलं, त्यात काय चुकलं?" असं आम्हाला तोंडावर ऐकवलं गेलं. त्यातही खोटं काही नव्हतं. एकीने सोडायचं आणि दुसरीने न्यायचं, असा नियम टिकत नाही. नियम सगळ्या गावाचा लागतो.

म्हणून पुढच्या हंगामाआधी आम्ही ग्रामसभेत विषय मांडला. तेव्हा आम्हाला वनहक्क कायद्याचा आधार झाला. २००६ च्या या कायद्यात हिरड्यासारख्या गौण वनोपजावर, म्हणजे जे आपण पिढ्यान्‌पिढ्या गोळा करत आलो त्यावर, वनहक्कधारकांची मालकी मानली आहे. गोळा करायचा आणि विकायचाही हक्क आहे. त्याच कायद्यात रान राखायची जबाबदारीही आपल्यावर टाकली आहे, आणि त्यासाठी नियम करायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. हक्क सांगायचा तर राखणही करावी लागते.

सभेत तीन गोष्टी ठरल्या. फळ धरल्याबरोबर कुणी घाईने काढायचं नाही, दिवस ठरवून सगळ्यांनी सुरू करायचं. आकडीने फळं काढायची, फांदी तोडायची नाही. तोडलेली फांदी पुढची कितीतरी वर्षं फळ देत नाही. आणि प्रत्येक झाडाची एक फांदी झाडासाठी. जिच्या वाट्याला एकच झाड आहे, जिचं घर तेवढ्यावरच चालतं, तिच्यावर फांदीची सक्ती नाही. तिच्या वाट्याची फांदी बाकीच्यांनी आपल्या झाडांवर राखायची.

आता तुम्ही म्हणाल, फांदी सोडली तर पैसा कमी नाही का येत? फळ कमी येतं, खरं. पण आपला पैसा जातो तो दुसरीकडेच. पावसाळ्यात अडल्या वेळी व्यापाऱ्याकडून उचल घेतली, की उन्हाळ्यात भाव तो सांगेल तो. घाईने काढा म्हणाला की काढायचं. म्हणून गटाने ठरवलं, पावसाळ्यातली अडचण गटाच्या कर्जातून भागवायची. उचल नसली की आपल्याला थांबता येतं.

दुसरं, माल चांगला वाळवायचा. मातीत पसरला की खडे-माती येते, पावसाच्या सरीत भिजला की बुरशी धरते, मग व्यापारी भाव पाडतो. आम्ही ताडपत्रीवर वाळवतो, दिवसातून दोनदा हात फिरवतो, संध्याकाळी झाकतो. गोणी भरली की आपल्या काट्यावर वजन करतो आणि वहीत लिहितो. मग सगळ्यांचा माल एकत्र करून दोन-तीन ठिकाणी भाव विचारतो. केंद्र सरकारने २०१३-१४ पासून गौण वनोपजाला आधारभूत भावाची योजना आणली, तिच्यात हिरडाही आहे. विकायला जाण्याआधी आदिवासी विकास महामंडळाच्या जवळच्या कार्यालयात या वर्षीचा भाव विचारून घ्या. भाव माहीत असलेल्या बाईला फसवणं अवघड असतं.

राखलेल्या फांद्यांची फळं आता पिकून खाली पडतात. थोडी वेचून, गर काढून, बी पाण्यात भिजवून आम्ही पिशव्यांत लावली. सगळ्या उगवल्या नाहीत. ज्या उगवल्या, त्या बांधावर लावल्या आणि भोवती काटेरी कुंपण केलं. ही झाडं फळाला येईपर्यंत आमच्यातल्या काही जणी असतीलही, काही नसतील.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा. आपण रानातून जे आणतो, त्याचं रोप शेवटचं कधी पाहिलं? उत्तर आठवत नसेल, तर या हंगामापासून एक फांदी राखा. आणि ती एकटीने राखू नका, सगळ्या मिळून राखा.