एक कप पास्ता म्हणजे किती ग्रॅम?

आजचा भाग मीरा रोड-भाईंदरमध्ये घरून ऑर्डरी घेणाऱ्या ताईंसाठी आहे. घरातल्या चौघांपुरता पास्ता करताना अंदाज चालतो हो. वीस मुलांच्या वाढदिवसाची ऑर्डर असली, पैसे आधी ठरलेले असले, की अंदाज महागात पडतो.

प्रश्न साधा आहे. रेसिपीत लिहिलेलं असतं "दोन कप पास्ता". पण कुठला पास्ता? पेने जाड, पोकळ नळ्या. कपात घातल्या की मध्ये हवाच जास्त. एक कप पेने साधारण ८५ ग्रॅम भरतो. तोच कप एल्बो मॅकरोनीने भरा, ११० ग्रॅमच्या आसपास जातो. लहान तुकडे दाटीवाटीने बसतात ना!

आपल्याला हे नवीन नाही. वाटीभर पोहे आणि वाटीभर रवा हातात घेऊन बघा. पूर्वी धान्य पायलीने मोजायचे, चार शेरांची एक पायली. तेव्हाही माप सपाट की शिगोशीग, यावरून घासाघीस व्हायचीच. १९५८ पासून देशात मेट्रिक वजनं लागू व्हायला लागली आणि दुकानात किलो आला. स्वयंपाकघरात मात्र वाटी राहिली, आणि राहू दे. फक्त तिचं वजन आपल्याला माहीत हवं.

आता हिशोब करू. वीस मुलं, प्रत्येकी ६० ग्रॅम कोरडा पास्ता, म्हणजे १२०० ग्रॅम. पेने असेल तर साधारण १४ कप. पण दुकानात पेने मिळाला नाही, मॅकरोनी आणली आणि तेच १४ कप घातले, तर झाले १५४० ग्रॅम. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जास्त! शिजल्यावर वजन दुपटीच्या वर जातं. म्हणजे पाऊण किलो पास्ता वाढला, आणि सॉस, चीज तेवढंच. कोरडा पडणार, चव उतरणार. वरून खर्च आपल्या खिशातून.

काटा नाही? हरकत नाही. पाकिटावर निव्वळ वजन छापलेलं असतंच. ५०० ग्रॅमचं पाकीट फोडा, आपल्या नेहमीच्या वाटीने सपाट मोजत डब्यात भरा. समजा आठ वाट्या झाल्या, तर ५०० भागिले ८, एका वाटीत साधारण ६२ ग्रॅम. डब्यावर चिठ्ठी चिकटवा: "पेने, १ वाटी = ६२ ग्रॅम". आकार बदलला की पुन्हा मोजा, नवी चिठ्ठी लावा. वाटी मात्र तीच ठेवा.

स्पगेटी कपात मोजायच्या भानगडीत पडू नका. ५०० ग्रॅमच्या पाकिटाचे पाच सारखे जुडगे करा, एक जुडगा १०० ग्रॅमचा.

आणि एक गोष्ट नीट वाचत जा. रेसिपीतला कप कोरड्या पास्त्याचा आहे की शिजवलेल्या? "दोन कप शिजवलेला पास्ता" वाचून दोन कप कोरडा टाकला, तर पातेलं पुरणार नाही.

पुढची ऑर्डर घेताना दर ग्रॅमवर ठरवा, कपावर नको. तुमच्या वाटीत किती ग्रॅम बसले, तेही आम्हाला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!