शाळेतील मुलांचे संरक्षण आणि आपली ज्ञाती
(बीड येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्ञातीतील तंटे चार वडील माणसांनी बसून मिटवावेत ही चाल जुनी आहे; वाटणी-सोयरिकीच्या बाबतींत ती पुष्कळदा हितकरही ठरली आहे. परंतु शाळेत मुलावर झालेला अत्याचार हा त्या बैठकीचा विषय नव्हे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीस मी स्वतः हजर होतो. गुरुजींच्या मारामुळे एका मुलाच्या कानातून रक्त आले होते. गुरुजी आपल्याच ज्ञातीचे. संस्थेचे नाव जाऊ नये म्हणून आम्ही मुलाच्या वडिलांकडून ‘तक्रार नाही’ असे लिहून घेतले. दसरा झाल्यावर तो मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीस गेला, तो पुन्हा शाळेत आला नाही. त्या कागदावर माझीही सही आहे.

तेव्हाही कायदा होताच. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बालकास शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई केली आहे. लैंगिक अत्याचारांविषयीचा २०१२ चा कायदा, ज्यास लोक ‘पोक्सो’ म्हणून ओळखतात, तो तर आपल्या बैठकीपर्यंत येऊन पोहोचतो. अठरा वर्षांखालील बालकावर असा अपराध घडल्याचे ज्यास कळेल, त्याने पोलिसांस खबर दिलीच पाहिजे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड, आणि हाताखालच्या माणसाचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे मिटवामिटव करणाराच येथे अपराधी ठरतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्या मुलींच्या प्रकरणी तक्रार नोंदविण्यासच विलंब झाला, तेव्हा लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. ते दूरचे म्हणावे, तर २०२५ च्या जूनमध्ये आपल्या बीड शहरातच एका खासगी शिकवणीवर्गाच्या शिक्षकांवर अल्पवयीन विद्यार्थिनीच्या छळाचा गुन्हा नोंदला गेला. मुलीने तोंड उघडले, हे तिचे धैर्य. अशा घराशी रोटीबेटीव्यवहार तोडण्याची भाषा कोणी करील, तर त्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा राज्याचा कायदा आहे, हेही ध्यानात असावे.

सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. आपल्या भगिनींची नावे तेथे असतात. सहीचे पुस्तक मात्र घरी येते! भगिनींनी यापुढे बैठकीसच जावे. ज्यांचे आईबाप सहा महिने फडावर असतात, त्या हंगामी वसतिगृहांतील मुलांची विचारपूस करणारे दुसरे कोण आहे?

चिटणीसांस एक विनंती. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक स्मरणिकेच्या पहिल्या पानावर ठळक छापावा. तेथे देणगीदारांची नावे असतात. ती एक पान मागे सरकली तरी कोणी रुष्ट होणार नाही, अशी आशा आहे.