कोळसा अजून किती वर्षं?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



तीन-चार महिन्यांपूर्वी चंद्रपूरहून माझ्या चुलतभावाचा फोन आला. वय बावीस, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पूर्ण केलेला. औष्णिक वीज केंद्रात कोळसा हाताळणीच्या कामावर, ठेकेदाराकडे त्याला नोकरी मिळत होती. त्याने विचारलं, "भाई, तू विजेच्याच क्षेत्रात आहेस. कोळसा अजून किती वर्षं चालेल? नोकरी धरू की नको?"

सौर प्रकल्पात उद्या किती वीज तयार होईल याचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. तरीही मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण आमचं घर कोळशावर चाललं. अब्बांनी बावीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवला, माझी इंजिनिअरिंगची फी त्याच पैशातून गेली. आणि त्याच कोळशाची काळी पूड अम्मी दोरीवरच्या कपड्यांवरून रोज झटकायची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यामुळे आज त्या एका प्रश्नाचं उत्तर नीट शोधू या.

आधी एक गैरसमज दूर करू. जून २०२५ अखेर देशाची एकूण वीजनिर्मिती क्षमता सुमारे ४८५ गिगावॉट होती आणि त्यातली निम्मी सौर, पवन, जल, अणू अशा बिगर-जीवाश्म स्रोतांची होती. पॅरिस करारात हे उद्दिष्ट २०३० साठी दिलेलं होतं, ते पाच वर्षं आधी गाठलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण व्हॉट्सअॅपवर तिचं झालं, 'आता देशातली निम्मी वीज हरित'. ते चूक आहे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा २०२४-२५ मध्येही ७० टक्क्यांहून अधिक होता.

असं कसं? स्टँडवर दोन रिक्षा उभ्या आहेत असं समजा. एक दिवसाला सोळा तास धावते, दुसरी फक्त पाच. मोजताना दोन्ही एकेकच, पण भाडी सारखी मारतात का? औष्णिक संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाचे सोळा तास पूर्ण ताकदीने चालल्याइतकी वीज देतो, सौर पॅनेल पाच तासांइतकी. क्षमता म्हणजे रिक्षा, वीज म्हणजे भाडी. बातमी वाचताना ती यातल्या कशाबद्दल बोलते आहे ते आधी बघा.

दुसरी गोष्ट वेळेची. ग्रिडचा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ तुकड्यांत विभागलेला असतो. प्रत्येक तुकड्यात जेवढी मागणी, तेवढाच पुरवठा लागतो. माझ्या स्क्रीनवर दुपारी बारा वाजता सौरविजेची रेषा डोंगरासारखी वर जाते आणि संध्याकाळी सातला जमिनीवर येते. नेमकं तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. बॉयलर गॅसच्या शेगडीसारखा दुपारी बंद करून संध्याकाळी पेटवता येत नाही. म्हणून दुपारी तो मंद ठेवायचा आणि संध्याकाळी पुन्हा वर न्यायचा. राजस्थानात तर वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या पडल्यामुळे काही सौर प्रकल्पांना भर दुपारी उत्पादन कमी करावं लागलं. ऊन आहे, पॅनेल आहे, पण वीज घ्यायला रस्ता नाही!

म्हणजे खरा प्रश्न संध्याकाळी सातचा आहे. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत साठवायची कशी? एक उत्तर आपल्या सह्याद्रीतच आहे. घाटघरला वर एक धरण आणि घाटाखाली दुसरं. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि टंचाईच्या वेळी ते खाली सोडून २५० मेगावॉट वीज घ्यायची. दुसरं उत्तर बॅटरीचं. तिची किंमत झपाट्याने उतरते आहे. सौरविजेचंही असंच झालं होतं. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावात सरासरी दर युनिटला बारा रुपयांच्या वर होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला.

तरीही कोळसा लगेच जाणार नाही. २०२४-२५ मध्ये देशाने पहिल्यांदाच एका वर्षात १०० कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. विजेची मागणी इतकी वाढते आहे की सरकार नवे औष्णिक संचही उभारणार आहे. पण त्याच सरकारने २०७० पर्यंत नेट-झिरोचं वचन दिलेलं आहे. माझा भाऊ अठ्ठावन्न वर्षांचा होईल तेव्हा २०६१ उजाडलेलं असेल. म्हणून मी त्याला म्हटलं, "कोळसा उद्या बंद होणार नाही, पण तुझ्या निवृत्तीपर्यंत तो असाच चालेल यावर घर बांधू नकोस."

संच बंद होतात ते एकेक करून, गाजावाजा न होता. चंद्रपूरचे सगळ्यात जुने दोन संच असेच निवृत्त झाले. पूर्ण केंद्रच बंद झालं तर काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेत बघायला मिळतं. तोही आपल्यासारखाच कोळशावर चालणारा देश. तिथलं कोमाटी केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं. जागतिक बँकेचा पैसा मिळाला, सौर प्रकल्पाचं आणि प्रशिक्षण केंद्राचं नियोजन झालं. कायम कर्मचाऱ्यांना दुसऱ्या केंद्रांत सामावून घेतलं गेलं. ठेकेदारांकडच्या कामगारांचं काम मात्र गेलं, आणि नवे रोजगार वेळेवर आले नाहीत.

माझ्या मोहल्ल्याकडे बघतो तेव्हा मला याचीच भीती वाटते. आमच्याकडे कोळशावर जगणारे बहुतेक जण कोणत्याच मस्टरवर नाहीत. ट्रक ड्रायव्हर, क्लीनर, टायरवाला, वेल्डर, चहावाली खाला. मोठे सौर प्रकल्प उभे राहतात ते मुख्यतः राजस्थान-गुजरातेत. चंद्रपूरच्या टायरवाल्याला जैसलमेरच्या पॅनेलचा काय उपयोग?

मग करायचं काय? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, जी कामं गावातच राहणार आहेत ती शिका. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे, लक्ष्य एक कोटी घरांचं. छतावर पॅनेल बसवणं, वायरिंग, इन्व्हर्टरची दुरुस्ती यासाठी माणूस जवळचाच लागतो. आयटीआय झालेल्यांसाठी सूर्यमित्र प्रशिक्षण आहे. मुलींनीही हे शिकावं.

दुसरी, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा हिशेब मागा. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणकंपन्यांना रॉयल्टीच्या काही टक्के रक्कम खाणबाधित लोकांसाठी या निधीत भरावी लागते. कौशल्य प्रशिक्षण हा त्यातल्या खर्चाचा मान्य विषय आहे. पैसा कुठे गेला हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्ज दहा रुपयांचा आहे.

तिसरी सगळ्यात साधी. कागद जपा. पीएफचा नंबर, हजेरी, पगाराची स्लिप. उद्या संच बंद झाला आणि कुणाला भरपाई, कुणाला प्रशिक्षण द्यायचं याची यादी निघाली, तर ती कागदावरूनच निघेल. आयुष्यभर काम केलं हे तोंडी सांगून यादीत नाव येत नाही. अब्बांकडे बावीस वर्षांच्या कामाचा एकही कागद नाही.

मला स्वच्छ हवा हवी आहे. अम्मीला कपडे झटकायला लागू नयेत, हे मलाही वाटतं. पण ज्यांच्या घामावर आपण इतकी वर्षं दिवे लावले, त्यांना अंधारात ठेवून हा बदल होऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.

भावाने नोकरी धरली. रविवारी तो सोलरचं काम शिकायला जातो. पहिल्या पगाराला त्याने स्लिप मागितली तेव्हा ठेकेदार म्हणाला, "तुला कशाला हवी?" अजून मिळालेली नाही. तो दर महिन्याला मागतो. आता त्याच्यासोबत आणखी चौघं मागतात.