उसन्या बळाचा व्यापार आणि मनाचा लगाम
(सुवर्णमहोत्सवानिमित्त तारनाका येथे सभासद व कुटुंबीय यांच्यापुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या कार्याचा गौरव करावा असा प्रघात आहे, आणि तो आधीच्या वक्त्यांनी यथास्थित पाळला आहे. आम्हांला मात्र चिटणिसांनी निराळाच विषय नेमून दिला. क्रिप्टो नाण्यांच्या उसनवारीच्या व्यापारात मनावर ताबा कसा ठेवावा, हा तो विषय. आमचीच निवड का झाली, हे ओघाने कळेलच.

वडीलधाऱ्यांसाठी प्रथम व्यवहार सांगतो. बिटकॉइन हे कोणत्याही सरकारने न काढलेले, २००९ सालापासून संगणकांच्या जाळ्यावर चालणारे नाणे. ते रोख विकत घेऊन ठेवले, तर भाव उतरला तरी नाणे आपलेच राहते. पण दुसरा एक प्रकार आहे, त्याला लिव्हरेज म्हणतात. एक लाखाची अनामत ठेवावी आणि दहा लाखांचा सौदा करावा. भाव दहा टक्के चढला की लाखाचे दोन लाख. दहा टक्के उतरला की अनामत साफ. प्रत्यक्षात त्याच्या थोडे आधीच सौदा आपोआप तोडला जातो, आपल्याला विचारलेही जात नाही. पन्नास पटीच्या सौद्याला दोन टक्क्यांची घसरण पुरते, आणि दोन टक्के हलणे ही तर या नाण्याची नेहमीची चाल. त्यातून हा बाजार कधी बंद होत नाही. मुंबईचा शेअरबाजार दुपारी साडेतीनला उठतो. हा एकादशीला, रविवारी, रात्री दोन वाजताही चालू.

नाणे नवे असले तरी रोग जुना आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. मग शेअरांचे वायदे सुरू झाले. खिशात पैसा नसताना पुढच्या तारखेचे सौदे लोक करू लागले. युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा देणाराही बुडाला व घेणाराही. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. आजचे पाहावयाचे तर सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअरबाजारातील वायदे व ऑप्शनचा हिशेब प्रसिद्ध केला. तो क्रिप्टोचा नव्हे, पण जातकुळी एकच. तीन वर्षांत १०० पैकी ९३ व्यक्तींना तोटा, एकूण १.८ लाख कोटींहून अधिक. आणि तोटा झालेल्यांपैकी पाऊणाहून अधिक लोक खेळतच राहिले! हा दुसरा आकडा आम्हांला अधिक भयंकर वाटतो.

तो का भयंकर, हे आता स्वतःवरून सांगतो. आम्ही रेल्वेच्या हिशेब खात्यात तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर नातवाच्या फोनवर हा व्यापार पाहिला आणि पन्नास हजार घातले. तीन आठवड्यांत अडतीस हजार मिळाले. ते आम्ही सकाळच्या फिरायच्या मंडळींत चार वेळा सांगितले. पुढे वीस हजार गेले, ते कोणालाच सांगितले नाही. खरे तर त्याच दिवशी थांबावयास हवे होते. ज्या हिशेबाची एकच बाजू दाखवली जाते तो आम्ही कचेरीत कधी मंजूर केला नसता. गेलेले भरून काढण्यासाठी आम्ही पट वाढवली. अमुक भावाला तोटा घेऊन बाहेर पडायचे, असा स्टॉप-लॉस लावला होता. भाव जवळ येताच तो खाली सरकवला, मग पुन्हा सरकवला. शेवटी सौ.च्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेली चार लाखांची ठेव मोडली आणि दहा पटीने सौदा केला.

१० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी चिनी मालावर आणखी शंभर टक्के जकात जाहीर केली. त्या आठवड्यात सव्वा लाख डॉलरवर गेलेला बिटकॉइन एक लाख पाच हजारांपर्यंत आला. जगभरात सुमारे १९ अब्ज डॉलरचे उसनवारीचे सौदे तुटले, सुमारे १६ लाख खाती त्यांत सापडली. आपल्याकडे तेव्हा ११ तारखेची पहाट व्हायची होती. आम्ही पाचला उठलो, चूळ भरण्याआधी फोन उघडला, आणि खात्यात काही नव्हते. गंमत अशी की भाव तोवर बराच सावरलाही होता. रोख नाणे असते तर आम्ही नुसती हळहळ केली असती.

तरुण मंडळी फोनवर व्याख्याने ऐकतात की भय व लोभ जिंका, म्हणजे बाजार जिंकाल. आम्ही गीतेतला स्थितप्रज्ञ वर्षानुवर्षे वाचला आहे, तरी रात्री तीनदा उठून भाव पाहत होतो. धर्मराजापेक्षा संयमी पुरुष द्यूतसभेत कोण होता? पण प्रत्येक डाव मागचा डाव परत मिळवण्यासाठी पडत गेला. कानेमान व ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हेच दाखवले, की तोट्याचे दुःख तेवढ्याच लाभाच्या सुखाहून मोठे असते, आणि तोट्यात सापडलेला माणूस अधिकच धाडस करतो. म्हणून आमचे मत असे झाले आहे की सौदा उघडा असताना मन आवरण्याची भाषा फोल आहे. आवरायची ती रक्कम, आणि तीही सौद्याच्या आधी.

उसनवारीने व्यापार करूच नये, हे आमचे म्हणणे. तरुण ते ऐकणार नाहीत, हेही ठाऊक आहे. त्यांनी निदान इतके करावे: किती गेले तरी चालेल तो आकडा आधी कागदावर लिहावा आणि तो कागद घरात एकाला दाखवावा. दाखवायला लाज वाटली, तर आकडा मोठा आहे. तोटा झाल्यावर आठ दिवस फोनमधले ते खाते उघडू नये. फी, औषधपाणी, लग्नकार्य यांचा पैसा त्यात नसावा. आणखी एक, नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि १ एप्रिल २०२२ पासून एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. ही गोष्ट मुले सोयीने विसरतात.

आम्हांला घरी सांगायला अकरा दिवस लागले. पाडव्याला सौ.नी ओवाळले आणि तबकात घालायला आमच्याजवळ शब्दच होते. त्यांनी तबक खाली ठेवले आणि म्हणाल्या, "अहो, उरले किती ते आधी दाखवा." दोघांनी बसून सगळा हिशेब वहीत उतरवला. ती वही आज आम्ही बरोबर आणली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी सभेनंतर पाहावी, विशेषतः ज्यांनी अजून घरी सांगितलेले नाही त्यांनी.

शस्त्रक्रिया पुढे गेली आहे. सौ. तिकडे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना जिना चढवत नाही म्हणून चिटणिसांनी आजची सभा वरच्या दालनाऐवजी तळमजल्यावर घेतली, त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.